कृष्णधवल फिल्म आणि डेव्हलपर: जोडी कशी जुळवायची

कृष्णधवल फिल्मच्या नादी लागलेल्या माणसाला लवकरच एक खोड लागते. प्रत्येक रोल वेगळ्या फिल्मचा, आणि दर दोन रोलमागे डेव्हलपर, म्हणजे फिल्मवरची प्रतिमा उमटवणारं रसायन, नवा. महिन्याभरात हातात पाच-सहा रोलच्या निगेटिव्ह असतात, पण त्यांच्यातला फरक फिल्मचा, डेव्हलपरचा, पाण्याच्या तापमानाचा की चुकीच्या जागी धरलेल्या, उजेड मोजणाऱ्या मीटरचा, हे काही केल्या सांगता येत नाही. म्हणून माझं मत आधीच सांगून टाकतो: एक फिल्म, एक डेव्हलपर घ्या आणि ती जोडी हातात बसेपर्यंत बदलू नका. बदलायचीच असेल, तर ठरावीक तक्रार असावी आणि ती निगेटिव्हवर बोट ठेवून दाखवता यावी. ही पहिली जोडी कशी निवडायची, पहिला रोल कसा धुवायचा, म्हणजे डेव्हलप करायचा, आणि निघालेली निगेटिव्ह कशी वाचायची, ते क्रमाने पाहू.

आधी उजेड, मग फिल्म

फिल्म निवडताना ग्रेनचा, म्हणजे चित्रात दिसणाऱ्या कणांचा, विचार नंतर करा. आधी स्वतःला विचारा, की मी कुठल्या उजेडात फोटो काढतो आणि कॅमेरा हातात असतो की ट्रायपॉडवर? आयएसओ हा फिल्मचा वेग: आकडा मोठा, तर कमी उजेड पुरतो. भर उन्हात ४०० आयएसओच्या फिल्मला एफ/१६ आणि १/५०० सेकंद पुरतं. तीच फिल्म चांगले दिवे असलेल्या खोलीत एफ/२ आणि १/६० सेकंदावर कशीबशी निभावते. १०० किंवा १२५ची फिल्म त्या खोलीत हातात धरलेल्या कॅमेऱ्याने जमणार नाही. उलट तुम्ही निसर्गचित्रं किंवा इमारती ट्रायपॉड लावून टिपत असाल, तर ४००ची गरजच काय?

लोकांचे, रस्त्यावरचे, प्रवासातले फोटो काढायचे असतील तर सुरुवात ४००पासून करा. इल्फर्डची एचपी५ प्लस आणि कोडॅकची ट्राय-एक्स या दोन्ही फिल्म एक्स्पोजरमधली गडबड बऱ्यापैकी पोटात घालतात. एक-दोन स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट किंवा निम्मा प्रकाश) जास्त एक्स्पोजर झालं तरी प्रिंट निघते, कमी एक्स्पोजर मात्र त्यांनाही सोसत नाही. फोमापॅन ४००च्या बाबतीत डब्यावरच्या आकड्यावर भिस्त ठेवू नका. बहुतेक डेव्हलपरमध्ये ती २०० ते २५०वर जास्त चांगली चालते, ४००वर सावल्या पोकळ येतात.

३२०० लिहिलेल्या फिल्मांचंही असंच आहे. इल्फर्डच्या स्वतःच्या माहितीपत्रकानुसार डेल्टा ३२००चा आयएसओ वेग १००० आहे, आणि कोडॅकच्या टी-मॅक्स पी३२००चा वेग डेव्हलपरनुसार ८०० ते १०००. डब्यावरचा आकडा सांगतो, की ही फिल्म तिथवर ताणता यावी, म्हणजे कमी एक्स्पोजर देऊन जास्त वेळ डेव्हलप करता यावी, अशी बनवली आहे. सावलीत तपशील हवा असेल तर १०००-१६००च्या आसपास मीटर लावा.

रात्रीचे दीर्घ एक्स्पोजर हा वेगळा हिशेब. एक सेकंदापुढे फिल्म मंदावते. इल्फर्ड यासाठी मीटरने सांगितलेल्या सेकंदांचा घात काढायला सांगते: एचपी५ प्लससाठी १.३१, एफपी४ प्लससाठी १.२६. म्हणजे मीटर १० सेकंद म्हणत असेल, तर एचपी५ला सुमारे २० आणि एफपी४ला सुमारे १८ सेकंद द्यावे लागतात. फुजीच्या ॲक्रॉस २ला १२० सेकंदांपर्यंत हे गणित लागतच नाही. मुख्यतः रात्रीच फोटो काढणाऱ्याने तीच घ्यावी.

आता ग्रेन. जुन्या घडणीच्या फिल्म, म्हणजे ट्राय-एक्स, एचपी५, एफपी४, केंटमियर, फोमापॅन १०० आणि ४००, डेव्हलप करताना मिनिट-अर्धं मिनिट इकडेतिकडे झालं तरी फारसं मनावर घेत नाहीत. टी-मॅक्स आणि डेल्टा या कुळातल्या फिल्ममध्ये चांदीचे स्फटिक चपटे असतात. त्यामुळे त्याच वेगाला ग्रेन बराच बारीक मिळतो, पण वेळ, तापमान आणि हलवण्याची पद्धत यांतला बदल त्या लगेच दाखवतात. शिस्त अंगी असेल तर खुशाल घ्या. नसेल, तर आधी जुन्या घडणीच्या फिल्मवर हात बसू द्या.

ग्रेनची चिंता किती करायची, हे फॉरमॅटवरही ठरतं. ३५ मिमीची निगेटिव्ह ८×१० इंचांच्या प्रिंटसाठी साधारण साडेआठ पट मोठी करावी लागते, १२०च्या रोलवरची ६×६ निगेटिव्ह साडेचार पट. मध्यम फॉरमॅट वापरणाऱ्याने बारीक ग्रेनच्या डेव्हलपरमागे धावण्यात फारसा अर्थ नाही.

एक्सपी२ सुपर दिसते कृष्णधवल, पण तिची प्रक्रिया रंगीत निगेटिव्हची, म्हणजे सी-४१ आहे. स्कॅनरची अवरक्त किरणांनी धूळ हटवण्याची सोय तिच्यावर चालते, चांदीच्या निगेटिव्हवर चालत नाही. घरी डेव्हलप करायचंच नसेल, तर हा सोयीचा मार्ग आहे.

डेव्हलपर नेमकं काय बदलतो

प्रकाश लागलेल्या स्फटिकांचं डेव्हलपर धातुरूप चांदीत रूपांतर करतो. एवढं काम सगळेच करतात. फरक पडतो तो तीन गोष्टींत: ग्रेन किती दिसतो, कडा किती तीक्ष्ण वाटतात, आणि फिल्मचा वेग पूर्ण मिळतो की थोडा कापला जातो. तिन्ही एकदम कमाल पातळीवर मिळत नाहीत. एक ओढलं की दुसरं सुटतं.

हे समजायला डी-७६ची कृती पुरेशी आहे. एक लिटरमध्ये मेटॉल २ ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, बोरॅक्स २ ग्रॅम आणि सोडियम सल्फाइट तब्बल १०० ग्रॅम. एवढं सल्फाइट केवळ द्रावण टिकावं म्हणून नसतं. ते स्फटिकांच्या कडा थोड्या विरघळवतं, त्यामुळे ग्रेन मऊ आणि बारीक दिसतो, पण तीक्ष्णताही थोडी जाते. हाच डेव्हलपर १+१ केला, म्हणजे एक भाग द्रावणात एक भाग पाणी घातलं, की सल्फाइट लिटरला ५० ग्रॅमवर येतं. १+३ केला की २५. ग्रेन थोडा उठून दिसतो, कडा आवळतात, आणि पातळ द्रावण उजळ भागांत लवकर थकत असल्यामुळे आकाश किंवा पांढरे कपडे भडकत नाहीत. म्हणजे एकाच बाटलीतून निदान तीन स्वभावांचे डेव्हलपर मिळतात. दुसरी बाटली घेण्याआधी पहिलीच वेगवेगळ्या प्रमाणात वापरून पाहा, हे मी प्रत्येकाला सांगतो आणि फारसं कोणी ऐकत नाही.

डी-७६ आणि इल्फर्डचा आयडी-११ व्यवहारात एकच समजायला हरकत नाही. दोन्ही पावडरच्या रूपात येतात, तिन्ही गुणांत मधला मार्ग धरतात, आणि जवळजवळ प्रत्येक फिल्मच्या माहितीपत्रकात त्यांची वेळ दिलेली असते. पहिला डेव्हलपर म्हणून माझं मत यांनाच.

एक्सटॉल १९९६मध्ये आला. त्याच्यात क जीवनसत्त्वाच्या जातीचा घटक आहे, हायड्रोक्विनोन नाही. ग्रेन, तीक्ष्णता, वेग या तिन्हींत तो डी-७६च्या अर्धं पाऊल पुढे आहे. अडॉक्सचा एक्सटी-३ त्याच धाटणीचा. मात्र याची एक वाईट सवय आहे: बिघडला तरी रंग बदलत नाही, आणि एके दिवशी रोल कोराच निघतो. म्हणून रोल टाकण्याआधी फिल्मचं कापलेलं टोक उजेडातच थोड्या द्रावणात बुडवावं. काही मिनिटांत गडद काळं झालं, तर द्रावण जिवंत आहे. पावडरच्या कुठल्याही जुन्या द्रावणाला ही परीक्षा लावायला हरकत नाही.

रॉडिनलचं पेटंट १८९१चं. त्याच्यात ग्रेन विरघळवणारं सल्फाइट नगण्य असतं, त्यामुळे कडा धारदार आणि ग्रेन जसा आहे तसा उघडा. फिल्मचा वेग थोडा कमी मिळतो, ४००ची फिल्म २५०-३२०वर धरलेली बरी. बाटलीतलं दाट द्रावण तपकिरी होत जातं, तरी वर्षानुवर्षं चालतं. क्वचित रोल धुणाऱ्यासाठी हा गुण मोठा आहे. एफपी४ किंवा फोमापॅन १००सारख्या मंद फिल्मबरोबर, विशेषतः १२०च्या रोलवर, रॉडिनल सुंदर काम करतो. ३५ मिमीच्या ४०० फिल्मबरोबर तो खरखरीत होतो. तो खरखरीतपणा आवडणारे लोक आहेत, मी त्यांच्यातला नाही.

एचसी-११० दाट द्रवरूपात येतो आणि थेट पाण्यात मिसळून वापरता येतो. नेहमीचं प्रमाण बी, म्हणजे १+३१. त्याच्या वेळा फार छोट्या असतात, एचपी५ला २० अंशांवर फक्त ५ मिनिटं. त्यातून काय अडचण होते, ते तापमानाच्या ओघात येईलच.

मायक्रोफेन आणि डीडी-एक्स हे वेग राखणारे आहेत. अंधारात काम करणाऱ्यांनी आणि फिल्म ताणणाऱ्यांनी हे घ्यावेत. पर्सेप्टॉल उलट्या टोकाला: ग्रेन अतिशय बारीक, पण अर्ध्या-पाऊण स्टॉपचा वेग जातो. पायरो जातीचे रंग चढवणारे डेव्हलपर विषारी आहेत आणि त्यांचा फायदा दिसायला आधीची शिस्त लागते. पहिल्या वर्षी तिकडे वळू नका.

काही जोड्या आणि वेळा

या वेळा २० अंश सेल्सिअससाठी आणि डब्यावरच्या वेगासाठी आहेत. एचपी५ प्लस आयडी-११मध्ये १+१ प्रमाणात १३ मिनिटं. ट्राय-एक्स ४०० डी-७६मध्ये १+१ प्रमाणात पावणेदहा मिनिटं. एफपी४ प्लस आयडी-११ १+१मध्ये ११ मिनिटं, किंवा रॉडिनल १+५०मध्ये १५ मिनिटं. डेल्टा १०० आयडी-११ १+१मध्ये ११ मिनिटं. गुळगुळीत ग्रेन आणि भरपूर तपशील हवा असेल तर डेल्टा किंवा टी-मॅक्सला एक्सटॉल वा डीडी-एक्स द्या. वेळा माहितीपत्रकातून घ्याव्यात, कारण प्रमाणानुसार त्या बऱ्याच बदलतात.

पॅन एफ प्लस ५० घेणाऱ्यांसाठी एक सूचना: या फिल्मवर उमटलेली अदृश्य प्रतिमा काळाबरोबर फिकी पडते. इल्फर्ड एक्स्पोजरनंतर तीन महिन्यांच्या आत डेव्हलप करायला सांगते. रोल कॅमेऱ्यात महिनोन्महिने पडून राहत असेल, तर ही फिल्म तुमच्यासाठी नाही.

पहिला रोल

मापापासून सुरू करा. अंधारात रोल भरायच्या, उजेड आत न येऊ देणाऱ्या प्लास्टिकच्या टँकच्या बुडाशी बहुधा लिहिलेलं असतं: पॅटर्सनच्या टँकला ३५ मिमीच्या एका रोलसाठी २९० मिली, १२०साठी ५०० मिली. सोयीसाठी ३०० धरा. १+१साठी १५० मिली डेव्हलपर आणि १५० मिली पाणी. रॉडिनल १+५०साठी ३०० भागिले ५१, म्हणजे सुमारे ६ मिली. एवढं छोटं माप सुई नसलेल्या सिरिंजनेच घ्या.

फार पातळ करताना एक गोष्ट विसरली जाते. रोलला पुरेल एवढं मूळ द्रावण टँकमध्ये असलंच पाहिजे. कोडॅक एक्सटॉलसाठी दर रोलला किमान १०० मिली सांगते. ३०० मिलीच्या टँकमध्ये १+२ केलं तर बरोबर १०० मिली भरतं, पण १+३ला ७५च उरतं. तेव्हा टँक मोठा घ्यावा लागतो.

तापमान २० अंश हा प्रघात आहे, सक्ती नाही. नळाचं पाणी गरम असेल, तर बर्फ प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पाण्यात सोडा, किंवा सरळ २४ अंशांवर काम करा आणि वेळ सुमारे सत्तर टक्क्यांवर आणा. आयडी-११मधले एचपी५चे १३ मिनिटं २४ अंशांवर ९ होतात, आणि ते उत्तम चालतं. पण एचसी-११०चे ५ मिनिटं साडेतीनवर येतात. पाच मिनिटांच्या खाली डेव्हलपमेंट समान होत नाही, आकाशात पट्टे उमटतात. म्हणून गरम पाण्याशी गाठ असेल तर लांब वेळेचा, पातळ करून वापरायचा डेव्हलपर निवडा. निवडीतला हा मुद्दा ग्रेनच्या चर्चेत नेहमी मागे पडतो, खरं तर तो आधी यायला हवा.

डेव्हलपर ओता, घड्याळ लावा. पहिल्या दहा सेकंदांत टँक चार वेळा उलटसुलट करा, मग बुड टेबलावर हलकेच आपटा म्हणजे बुडबुडे सुटतात. पुढे दर मिनिटाच्या सुरुवातीला दहा सेकंदांत पुन्हा चार वेळा. ही इल्फर्डची पद्धत आहे. कोणतीही धरा, पण प्रत्येक रोलला तीच. शेवटची दहा-पंधरा सेकंदं ओतून काढण्यात जातात, ती धरूनच वेळ मोजा. पातळ केलेला डेव्हलपर एकदाच वापरून टाकून द्या.

डेव्हलपरचं काम थांबवणारा स्टॉप बाथ दहा सेकंद ते अर्धं मिनिट. मग प्रकाश न लागलेले स्फटिक काढून टाकणारा रॅपिड फिक्सर १+४, तीन ते पाच मिनिटं. फिक्सरमध्ये किती वेळ लागेल याचा अंदाज रोलच्या टोकावरून घ्या: कापलेला तुकडा त्यात टाकून पारदर्शक व्हायला लागणारा वेळ मोजा आणि त्याच्या दुप्पट द्या, टी-मॅक्स आणि डेल्टाला तिप्पट. या तुकड्याला नव्या फिक्सरपेक्षा दुप्पट वेळ लागू लागला, की फिक्सर संपला. वापरलेल्या फिक्सरमध्ये चांदी असते. तो मोरीत न ओतता साठवून, तो गोळा करणाऱ्या लॅबकडे द्या.

मग फिल्म पाण्याने धुवायची. त्याला वाहतं पाणी लागत नाही. टँक भरून पाच वेळा उलटा, पाणी बदला, दहा वेळा उलटा, बदला, वीस वेळा उलटा. शेवटी वेटिंग एजंटचे (पाण्याचे डाग पडू न देणाऱ्या द्रावणाचे) थेंब घातलेल्या पाण्यात अर्धं मिनिट, आणि धूळ नसलेल्या जागी टांगा. हातमोजे वापरा. मेटॉलने काहींच्या कातडीला कायमची ॲलर्जी जडते.

निगेटिव्ह वाचताना

आधी चित्र पाहूच नका, कडेचे आकडे पाहा. फ्रेमचे क्रमांक आणि फिल्मचं नाव कारखान्यातच उमटवलेलं असतं, तुमच्या मीटरशी त्यांचा संबंध नाही. ते फिके असतील तर डेव्हलपमेंट कमी पडली: वेळ, तापमान किंवा द्रावण यांपैकी काहीतरी चुकलं. ते ठसठशीत आहेत आणि चित्र मात्र पातळ आहे, तर एक्स्पोजर कमी पडलं. ही एक नजर पुष्कळ वाद मिटवते.

मग सावल्या. निगेटिव्हमध्ये त्या पारदर्शक भागांत असतात. काळे केस, झाडाखालचा भाग, गडद कपडा यांत पोत दिसत नसेल, तर डेव्हलपमेंट वाढवून काही मिळणार नाही. तिथे प्रकाशच पोचलेला नाही. पुढच्या रोलला ४००ऐवजी २५० किंवा २०० लावा. त्यानंतर उजळ भाग, म्हणजे निगेटिव्हमधले काळे भाग. निगेटिव्ह छापील मजकुरावर ठेवा. सर्वांत काळ्या भागातून अक्षरं जेमतेम वाचता यावीत. अजिबात दिसत नसतील तर वेळ पंधरा-वीस टक्क्यांनी कमी करा, अगदी स्वच्छ दिसत असतील तर तेवढीच वाढवा. सावली एक्स्पोजरने ठरते, उजळ भाग वेळेने. दोन्ही एकाच रोलमध्ये बदलू नका.

पक्कं करायचं असेल तर एक रोल खर्ची घाला. ऊन आणि सावली दोन्ही असलेलं एकच दृश्य २००, ४०० आणि ८००वर टिपा, आणि हीच मालिका रोलभर पुन्हा पुन्हा करा. अंधारात रोलचे तीन तुकडे करा. पहिला माहितीपत्रकातल्या वेळेला धुवा, तो पाहून दुसऱ्याची वेळ ठरवा, आणि तिसरा खात्रीसाठी. यातून निघालेले दोन आकडे, तुमचा वेग आणि तुमची वेळ, हे कुठल्याही तक्त्यापेक्षा खरे. प्रिंटसाठी निगेटिव्ह मोठी करणारा एन्लार्जर कंडेन्सरचा, म्हणजे भिंगांनी प्रकाश एकवटणारा असेल किंवा निगेटिव्ह मुख्यतः स्कॅन करणार असाल, तर थोडी मऊ, म्हणजे उजळ आणि गडद भागांत कमी फरक असलेली निगेटिव्ह सोयीची पडते.

फिल्म ताणणं

एचपी५ला १६००वर धरून मायक्रोफेनमध्ये ११ मिनिटं, डीडी-एक्स १+४मध्ये १३ किंवा पातळ न केलेल्या आयडी-११मध्ये १४ मिनिटं दिली की वापरण्याजोगी निगेटिव्ह मिळते. पण दोन स्टॉपच्या सावल्या गेलेल्याच असतात. वाढीव वेळ मधले आणि उजळ भाग वर खेचते, म्हणून कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळ आणि गडद भागांतला फरक, चढतो. नाटकाचा रंगमंच, एका दिव्याखालचा चेहरा अशा ठिकाणी ते शोभतं. ढगाळ दिवशी नुसती हौस म्हणून ताणू नका. रॉडिनल १+१००मध्ये तासभर न हलवता ठेवण्याची पद्धतही बरीच बोलली जाते. उजळ भाग आवरतात हे खरं, पण सुटलेलं ब्रोमाइड खाली ओघळून फिल्मच्या छिद्रांपाशी पट्टे पडतात. सपाट आकाशाच्या चित्रांना ती लावू नये.

बदलायचं कधी

ग्रेन खुपतो, ही सर्वांत नेहमीची तक्रार. डेव्हलपर बदलण्याआधी निगेटिव्ह फार दाट तर नाही ना ते पाहा, कारण जास्त एक्स्पोजर आणि जास्त वेळ दोन्ही ग्रेन फुगवतात. ती ठीक असेल तर १०० किंवा १२५ची फिल्म घ्या. ४००वरून १००वर येण्याने जेवढा फरक पडतो, तेवढा कोणताही डेव्हलपर पाडत नाही. उजेडामुळे ते शक्य नसेल, तर त्याच वेगाची चपट्या स्फटिकांची फिल्म, आणि त्यानंतर एक्सटॉल. कडा मऊ वाटत असतील तर आहे तोच डेव्हलपर १+३ करून पाहा, मग रॉडिनलकडे वळा. सावल्या वारंवार पोकळ येत असतील तर वेग खाली आणा, आणि तेवढा उजेडच नसेल तर डीडी-एक्स. द्रावण वापरण्याआधीच मरत असेल, म्हणजे महिन्याला जेमतेम एक रोल होत असेल, तर पावडर सोडून दाट द्रवरूप डेव्हलपर घ्या. डी-७६चं तयार द्रावण काठोकाठ भरलेल्या बंद बाटलीत सहा महिने टिकतं, अर्ध्या बाटलीत दोनच.